हनोई ते साय गोन रेल्वेनं: रात्र कुठल्या टप्प्यात काढायची ते आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या टिळकवाडीतलं पाच जणांचं कुटुंब, घरी सगळे शाकाहारी. वडील 68 वर्षांचे, आई 64 च्या आणि त्यांचे गुडघे दुखतात, नवरा-बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा. बारा दिवस व्हिएतनामला जायचंय. वडिलांना रेल्वेची भारी आवड, म्हणून हनोईत बसायचं ते थेट हो ची मिन्ह शहरात (जुनं नाव साय गोन) उतरायचं, मध्ये कुठं थांबायचं नाही, असा बेत. विचारलंय की सॉफ्ट स्लीपर घ्यावा का हार्ड, आणि शाळेच्या ऑक्टोबरच्या सुट्टीत जावं का.

स्लीपरचं उत्तर एका ओळीचं आहे, ते पुढं येईल. पण अडचण डब्याची नाही, वेळेची आहे. या मार्गावर बघण्यासारखा भाग कुठला आणि तो उजेडात येतो का अंधारात, हे तुम्ही गाडी कुठली धरता त्यावर ठरतं. तिकीट काढताना लोक भाडं बघतात, बर्थ बघतात, सुटायची वेळ बघतात. मधल्या स्टेशनांच्या वेळा बघत नाहीत. मग पैसे मोजून समुद्राच्या कडेनं घोरत जातात.

मार्ग 1726 किलोमीटरचा. फ्रेंचांच्या काळात 1899 ते 1936 असा तुकड्या-तुकड्यानं बांधला गेला, युद्धात पूल-बोगदे उडाले, आणि 31 डिसेंबर 1976 ला उत्तर-दक्षिण गाडी पुन्हा सुरू झाली. रूळ मीटर गेज, म्हणजे एक मीटर रुंदीचे, आणि बहुतेक ठिकाणी लाइन एकेरी. मिरज-लोंढा लाइन मीटर गेज होती त्या काळात ज्यांनी प्रवास केलाय, त्यांना ते डुलणं ओळखीचं वाटेल. तुमच्या वडिलांना तर नक्कीच. त्यातल्या चांगल्या गाडीलाही सबंध अंतराला 32 ते 35 तास लागतात. सरासरी काढली तर ताशी पन्नासच्या आसपास. एकेरी लाइन म्हटल्यावर क्रॉसिंग आलंच. समोरची गाडी उशिरा आली की तुमचीही थांबते, आणि तो उशीर पुढच्या क्रॉसिंगला तिसऱ्याच गाडीच्या गळ्यात पडतो.

आता वेळांचं गणित. विषम नंबरच्या गाड्या (एसई 1, 3, 5, 7) हनोईहून दक्षिणेला जातात, सम नंबरच्या उत्तरेला येतात. हनोई ते ह्युए 688 किलोमीटर, तेरा-चौदा तास. ह्युए ते दा नांग फक्त 103 किलोमीटर, पण त्याला अडीच ते तीन तास लागतात, आणि सगळा मामला याच तुकड्यात आहे. हनोईहून संध्याकाळी साडेसातनंतर सुटणारी गाडी ह्युएला दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते आणि पुढचा घाट दुपारपर्यंत उजेडात पार करते. सकाळची सहाची गाडी घेतली, तर दिवसभर भाताची शेतं दिसतील आणि घाटात शिरायच्या आत रात्र झालेली असेल. 'दिवसाची गाडी म्हणजे सगळं दिसणार' हा हिशोब इथं उलटा पडतो.

हा घाट म्हणजे हायवान. त्याचं वैशिष्ट्य आपल्याकडच्या माणसाला पटकन कळतं, कारण कॅसलरॉक ते कुळे हा ब्रगान्झा घाट आपल्या दाराशी आहे. तिथं 1 ला 37 चा चढ, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी. हायवानात दरीच्या जागी समुद्र ठेवा. गाडी खिंडीच्या माथ्यावर जातच नाही. डोंगराच्या कमरेला, लाटांच्या वर, वळणं आणि बोगदे घेत सरकते. मागून ढकलायला जोड इंजिन लावतात, हेही आपल्या घाटासारखंच. रस्त्यानं जाणाऱ्या मोटारी 2005 पासून सहा किलोमीटरहून लांब बोगद्यातून जातात, त्यामुळे बसवाल्याला यातलं काहीच दिसत नाही. बाकी सबंध मार्गावर विमान घेतलं तरी चालेल, पण हा एवढा तुकडा रेल्वेनंच करा.

दक्षिणेला जाताना समुद्र डाव्या हाताला. स्लीपरच्या डब्यात एका बाजूला कूपे आणि दुसऱ्या बाजूला बोळ असतो. कुठली बाजू समुद्राकडं येईल ते डबा कसा जोडलाय त्यावर. कूपेची खिडकी डोंगराकडं आली तर लांग को स्टेशन गेल्यावर सरळ बोळात येऊन उभं राहायचं. खिडक्या बहुतेक बंद काचेच्या असतात, त्यामुळे मोबाइल काचेला टेकवून फोटो काढा, नाहीतर फोटोत आतली ट्यूबलाइट येते. आणखी एक गंमत म्हणजे दा नांगला गाडीचं तोंड फिरतं. इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावतात आणि आली त्याच वाटेनं थोडं मागं येऊन गाडी दक्षिणेला वळते. म्हणजे दा नांगपर्यंत जी खिडकी समुद्राची, ती पुढं डोंगराची. सीटिंगचं तिकीट काढून पुढंही जायचं असेल तर हे लक्षात ठेवा.

आता एका दमात का नको ते सांगतो. संध्याकाळच्या गाडीनं न उतरता गेलात तर दोन रात्री आणि मधला एक दिवस गाडीत. हायवान दिसेल, मान्य. पण ह्युए आणि होई आन दोन्ही हुकतील, आणि 'पुढच्या खेपेला' म्हणून सोडण्यासारखी ती गावं नाहीत. दुसरं कारण आईंच्या गुडघ्यांचं. पहिली रात्र हौसेची असते, दुसऱ्या रात्री पाय आखडतात. डब्यात फिरायला बोळ सोडून जागा नाही. तिसरं कारण स्वच्छतेचं: संडास दुसऱ्या दिवशी दुपारनंतर जसे असतात तसेच असतात, त्यावर जास्त लिहीत नाही.

तुमच्या जागी असतो तर मी असा तुकडा पाडला असता: हनोईत तीन रात्री (त्यात हालाँग बे एक दिवस), चौथ्या दिवशी संध्याकाळी हनोई-ह्युए रात्रीची गाडी, ह्युएत दोन रात्री, मग ह्युए-दा नांग दिवसाची गाडी सीटवर बसून, होई आनला तीन रात्री, आणि तिथून पुढं दोन पर्याय. होई आनला रेल्वे नाही. दा नांग स्टेशनपासून साधारण 30 किलोमीटर टॅक्सीनं जायचं. बारा दिवसांत एवढंच आरामात बसतं.

पुढचे पर्याय तब्येतीवर अवलंबून आहेत. दा नांग ते साय गोन 935 किलोमीटर उरतात, सोळा ते अठरा तास. आईंचे गुडघे रात्रीच्या एका प्रवासात कुरकुरले असतील तर दा नांगहून विमान घ्या, सव्वा-दीड तासाचं काम. सगळे टुणटुणीत असतील आणि वडिलांचं मन भरलं नसेल तर दा नांग-न्या त्रांग 524 किलोमीटर दिवसा करा, नऊ-दहा तास, एक रात्र न्या त्रांगला काढा, आणि उरलेले 411 किलोमीटर दुसऱ्या दिवशी. न्या त्रांगच्या आधी, देव का घाटाच्या आसपास, समुद्र पुन्हा खिडकीशी येतो. फक्त हे करताना होई आनची एक रात्र कापावी लागेल. दोन्ही गोष्टी बारा दिवसांत बसवायला गेलात तर शेवटचे चार दिवस बॅगा भरण्यात आणि उघडण्यात जातील.

एवढ्यापर्यंतचं परत एकदा: संध्याकाळची गाडी, रात्र हनोई-ह्युए टप्प्यात, हायवान उजेडात, दा नांगनंतर गुडघे विचारून.

एक नियम मात्र आपल्यापेक्षा वेगळा आहे. तिकीट ज्या दोन स्टेशनांमधलं, त्यापुरतंच. मध्ये उतरून दोन दिवसांनी त्याच तिकिटावर पुढं जाता येत नाही. प्रत्येक तुकड्याचं वेगळं तिकीट. आणि वेटिंग, आरएसी, तत्काळ ही भानगड नाही; जागा दिसली तर ती पक्की, नसली तर नाही.

आता डबा. सॉफ्ट स्लीपर म्हणजे चार बर्थचा कूपे, दार सरकवून बंद होतं. अशा डब्यात सात कूपे, 28 बर्थ. हार्ड स्लीपर म्हणजे सहा बर्थचा कूपे, 42 बर्थ. 'हार्ड' म्हटलं तरी लाकडी फळी नसते, पातळ गादी असते. खरा फरक उंचीचा. आपल्याकडं दिवसा मधला बर्थ खाली पाडून सगळे ताठ बसतात. तिथं मधला बर्थ कायमचा बसवलेला. खालच्या बर्थवर बसलेल्याला मान वाकवून बसावं लागतं, आणि सगळ्यात वरच्याला तर उठूनही बसता येत नाही. शिडी नसते, भिंतीला पाऊल ठेवायला छोटी पायरी असते, ती ओढून बाहेर काढायची. मुलगा माकडासारखा चढेल. आई-वडिलांना खालचेच दोन.

तर सॉफ्ट. पण तुम्ही पाच आहात आणि कूपे चारचा. यावर लोक सहाचा कूपे सुचवतात, 'म्हणजे सगळे एकत्र'. तेरा तासांच्या रात्रीसाठी तो सल्ला मला पटत नाही. सहाव्या बर्थवर अनोळखी माणूस येणारच, आणि एकत्र असण्याचं सुख मान वाकवून घ्यावं लागेल. त्यापेक्षा चारचा एक कूपे पूर्ण घ्या आणि पाचवा बर्थ शेजारच्या कूपेत वरचा घ्या. त्या बर्थवर तुम्ही स्वतः जा. शेजारी म्हणजे किती शेजारी ते नंबरावरून कळतं: 1 ते 4 पहिला कूपे, 5 ते 8 दुसरा, असं. पाचवं तिकीट डब्याच्या दुसऱ्या टोकाला निघालं तर रात्री पाण्याची बाटली द्यायलाही पायपीट. मुलगा नऊचा आहे, म्हणजे त्याला स्वतःचं तिकीट लागेल, पण दहा वर्षांखालच्यांना सवलत मिळते. पूर्ण मोफत फक्त सहा वर्षांखाली, तेही मोठ्यांच्याच बर्थवर झोपलं तर.

तिकीट हातात आलं की चार शब्द ओळखता आले पाहिजेत. 'गा' म्हणजे स्टेशन. 'गा दी' जिथून बसायचं ते, 'गा देन' जिथं उतरायचं ते. 'ताऊ' म्हणजे गाडी आणि तिचा नंबर. 'तोआ' म्हणजे डबा. 'चो' म्हणजे जागा. त्यापुढं टी 1 किंवा टी 2 असं दिसेल: टी 1 खालचा बर्थ, टी 2 वरचा, सहाच्या कूपेत टी 3 सगळ्यात वरचा आणि सगळ्यात स्वस्त. खालचा बर्थ थोडा महाग असतो, त्यामुळे 'सगळ्यात कमी भाडं' बघून बोट ठेवलं की आईंना वरचा बर्थ लागलाच म्हणून समजा. तिकीट काढताना चौकोनावर टी 1 आहे का ते डोळ्यानं बघा, नंबरावरून अंदाज बांधू नका.

स्टेशनच्या नावाचं बेळगावकरांना समजवायला नको. शहराचं नाव 1976 साली हो ची मिन्ह झालं, स्टेशन मात्र अजून 'साय गोन'. शोधताना स्टेशनच्या यादीत हो ची मिन्ह लिहून काही सापडलं नाही तर घाबरू नका.

जुन्या-नव्या नावाचा खरा फटका व्हिसात बसतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. ऑगस्ट 2023 पासून तो 90 दिवसांपर्यंतचा असतो. एकदा प्रवेशाचे 25 डॉलर, अनेकदा प्रवेशाचे 50. फी परत मिळत नाही. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' असतं. तसंच दिसणाऱ्या इतर साइट दुप्पट-तिप्पट घेतात. फॉर्ममध्ये जन्मगाव विचारतात. 2014 च्या आधी काढलेल्या आणि नंतरच्या पासपोर्टवर आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणाचं स्पेलिंग (बेळगाव का बेळगावी) वेगळं असू शकतं. एकाच घरात दोन तऱ्हा निघतात. आपल्याला काय म्हणायला आवडतं ते बाजूला ठेवून, ज्याच्या पासपोर्टवर जे छापलंय तेच अक्षर न् अक्षर लिहायचं. आडनाव आणि नाव यांचंही तसंच. कर्नाटकातल्या बऱ्याच जुन्या पासपोर्टांवर आडनावाची ओळ कोरीच असते आणि सगळं नाव एका ओळीत. ते तुमच्या मनानं तोडून दोन रकान्यांत घालू नका. पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, त्यातल्या वरच्या ओळीतला क्रम प्रमाण माना. नावातली चूक हनोईत नाही, मुंबईच्या विमानतळावरच पकडली जाते आणि विमानात बसू देत नाहीत. निर्णय यायला अधिकृतपणे तीन कामाचे दिवस, पण पंधरा दिवस हाताशी ठेवा. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने शिल्लक हवी, हे मुलाच्या पासपोर्टाबाबत विशेष तपासा, कारण लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि तो कधी संपला ते घरात कुणाच्या लक्षात नसतं.

रेल्वेच्या तिकिटालाही प्रत्येकाचा पासपोर्ट नंबर लागतो आणि फलाटावर सोडताना तो बघतात. पेमेंट अडकलं तर आधी स्वतःच्या बँकेचं ॲप उघडा: 2020 पासून आपल्या बँकांची नवी कार्डं परदेशी व्यवहारासाठी मुळात बंदच असतात, ती आपण सुरू करायची असतात. दहापैकी आठ वेळा दुखणं तिथंच निघतं.

ऑक्टोबरबद्दल मात्र स्पष्ट नाही म्हणतो. आपल्याकडं शाळांना दसऱ्याची मोठी सुट्टी ऑक्टोबरात असते म्हणून सगळ्यांना तोच महिना सोयीचा. पण व्हिएतनामच्या मधल्या भागात, नेमकं ह्युए-दा नांग-न्या त्रांगकडं, पावसाचा जोर सप्टेंबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत असतो. तिथला पाऊस ईशान्येच्या वाऱ्यांवर येतो आणि वादळंही त्याच काळात. ह्युएत नदी रस्त्यावर येते, रुळाखालची खडी वाहून जाते, गाड्या रद्द होतात. म्हणजे आपला पावसाळा संपल्यावर तुम्ही विकत घेऊन दुसरा पावसाळा बघणार. फेब्रुवारी ते एप्रिल हा तिथला कोरडा काळ. कर्नाटकातल्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते, महाराष्ट्रापेक्षा आधी. हा फायदा घ्या आणि 12 ते 25 एप्रिलच्या मध्ये जा. 30 एप्रिल आणि 1 मे या त्यांच्या राष्ट्रीय सुट्ट्या, त्या आठवड्यात जागा मिळत नाही. मे चालेल, पण ह्युएत उकाडा बेळगावच्या माणसाला सोसत नाही.

चांद्र नववर्षाच्या म्हणजे 'तेत'च्या आगेमागे (जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीही) तर विचारच नको. सणाच्या आधी अख्खं साय गोन उत्तरेकडं गावी निघतं, नंतर तेच उलटं येतं. आपल्याकडं गणपतीला मुंबईहून कोकणात जाणाऱ्या गाड्या आठवा.

उशीर गृहीत धरा. चांगल्या दिवशी अर्धा-एक तास. पण कधी मोठं काहीतरी होतं: एप्रिल 2024 मध्ये देव का भागातला बाय झो बोगदा कोसळला आणि लाइन दहा दिवसांच्या आसपास बंद राहिली, प्रवाशांना मधला तुकडा बसनं नेलं. म्हणून गाडी ज्या दिवशी पोचणार त्याच दिवशीचं परतीचं आंतरराष्ट्रीय विमान धरू नका. मध्ये एक मुक्काम ठेवा. हाच नियम इकडच्या टोकालाही: सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, परदेशी विमान नाही, मुंबई किंवा बंगळूरला जावं लागतं. रात्रीच्या बसनं मुंबईत सकाळी उतरून दुपारचं विमान पकडण्याची हिंमत आई-वडिलांना घेऊन करू नये.

फलाट खाली असतात. डब्याचं पायदान उंच, आणि बऱ्याच ठिकाणी मधले रूळ चालत ओलांडून दुसऱ्या फलाटावर जायचं. माणशी 20 किलो सामान नेता येतं, पण तुम्ही माणशी 12 च्या आत राहा; चाकाची मोठी बॅग बर्थखाली जातेच असं नाही, दोन मध्यम बॅगा जातात. याच कारणानं हनोईहूनच बसा, वाटेतल्या निन्ह बिन्हहून नको. तिथं गाडी थोडा वेळ थांबते, वेळ रात्री उशिराची, आणि आईंना वर चढवायचं आहे. सुरुवातीच्या स्टेशनवर गाडी आधी लागलेली असते आणि चादरीही धुतलेल्या मिळतात. मधल्या स्टेशनवर बर्थ रिकामा झाला की चादर बदलतीलच असं नाही. घरची एक पातळ सोलापुरी चादर प्रत्येकी घ्या, एसी पहाटे झोंबतो. संडासात पाण्याच्या सोयीचा भरवसा नाही. एक लिटरची रिकामी बाटली वेगळी ठेवा आणि तिच्यावर खूण करा.

खासगी कंपन्यांचे सजवलेले डबेही काही गाड्यांना जोडतात. भाडं बरंच जास्त. गाडी तीच, रूळ तेच, हिसके तेच, फुलदाणीचे पैसे. ह्युए-दा नांग दिवसाच्या तुकड्याला मात्र मार्च 2024 पासून खास वारसा गाडी सुरू आहे, ती लांग कोला थोडा वेळ थांबते आणि उतरून फोटो काढता येतात. वडिलांसाठी ती धरा.

पैशांचं एकच सांगतो. एक लाख डोंग म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या आसपास. 20 हजारांची आणि 5 लाखांची, दोन्ही नोटा निळसर, प्लास्टिकच्या, आणि त्यांच्यावर हो ची मिन्हचा तोच चेहरा. डब्यातल्या पिवळट उजेडात मक्याच्या कणसाला पाच लाख देणारे लोक असतात. पाच लाखांच्या नोटा पाकिटात नकोत, वेगळ्या कप्प्यात.

खाणं. गाडीत ट्रॉली फिरते: भात, त्यावर डुकराचं किंवा कोंबडीचं मटण, सूप, उकडलेली कणसं, शेंगदाणे. भाजी वेगळी मिळाली तरी तिच्यात 'नुओक माम' म्हणजे माशाचं पातळ सॉस असू शकतं. त्यामुळे रात्रीच्या गाडीत घरचंच खा. प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो, आणि तोच तुमचा स्वयंपाकघर. कडक भाकरी, शेंगांची चटणी, भडंग, आणि गरम पाणी घातलं की होणारं उपीट किंवा पोहे, पाच जणांना एका रात्रीला आठ पाकिटं पुरतात. पातेलं नको, झाकणाचे दोन स्टीलचे डबे घ्या. पाणी ओतून पाच मिनिटं झाकायचं. नळ अर्धाच उघडा. गाडी डुलत असते आणि हातावर वाफ येते, म्हणून ते काम मुलाला सांगू नका. कुंदा न्यायचा तर पहिल्या दोन दिवसांत संपवा, तिथल्या दमट हवेत टिकत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत घालू नका, त्यांना मनाई आहे. पॉवर बँक उलट हातातल्याच बॅगेत.

बाहेर जेवताना एक शब्द पाठ करा: 'चाय'. व्हिएतनामीत त्याचा अर्थ शाकाहार. 'तोई आन चाय' म्हणजे मी शाकाहारी खातो. 'कोम चाय' म्हणजे शाकाहारी भाताचं ताट, आणि ज्या दुकानावर ही पाटी आहे तिथं बेधडक शिरा. ही बौद्ध परंपरेतली खाणावळ असते, माशाचं सॉसही तिथं नसतं. ह्युएत अशी दुकानं भरपूर. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला बरेच लोक चाय जेवतात, म्हणजे आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास. तारखा ठरवताना कॅलेंडरवर पौर्णिमा कुठं येते ते बघून तो दिवस ह्युएत पडला तर बरं. आणि पहाटे गाडीत वडिलांना तलफ आली की हिंदी सवयीनं 'चाय' मागू देऊ नका, समोर टोफू येईल. आपल्याकडचं 'च्या' म्हटलं तर उत्तरेकडच्या माणसाला बरोबर कळतं, कारण तिकडं चहाला 'चा'च म्हणतात. दूध-साखर मात्र घरून न्या.